परिसर-ओळखीचे लेख कसे वाचावेत? येळवस, किल्लारी आणि माझा एक जुना लेख

दर वर्षी मार्गशीर्ष संपत आला की आमच्या लातूर-धाराशिव पट्ट्यात एक ठरावीक लेख उगवतो. पेपरच्या पुरवणीत, व्हॉट्सॲपवर, कॉलेजच्या वार्षिक अंकात. मथळा साधारण 'वेळ अमावस्या : मातीशी नाळ जोडणारा सण' असा. सुरुवातीला डोलणारी ज्वारी, मग कडब्याच्या कोपीत मांडलेले पाच पांडव, मग भज्जी आणि आंबील, आणि शेवटी 'हा सण आजही तितक्याच उत्साहाने साजरा होतो'. लेख जरा लांबला तर खरोशाची लेणी, निलंग्याचं मंदिर आणि किल्लारीचा भूकंप यांना दोन-दोन ओळी मिळतात.

या लेखांवर टीका करायचा मला हक्क आहे, कारण मी स्वतः असा एक लिहिलाय. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेजच्या अंकात. 'आमचा परिसर : निसर्ग, आख्यायिका आणि परंपरा'. बक्षीसही मिळालं होतं. त्या लेखात मी एक चूक केली, ती शेवटाकडे सांगते. आधी हे का लिहितेय ते सांगते.

गेल्या काही महिन्यांत पेटची तयारी करणाऱ्या तीन-चार जणांनी आपापले सिनॉप्सिस वाचायला पाठवले. त्यातले दोन 'लातूर जिल्ह्यातील लोकपरंपरा : एक अभ्यास' या धाटणीचे होते. विषय चांगला आहे, माझी काही तक्रार नाही. पण 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या भागात जे होतं ते म्हणजे वर सांगितलेले लेख, एकाखाली एक. माझं शिक्षण भूशास्त्रातलं, लोकसाहित्यातलं नाही. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागते. नमुना कुठून उचलला, कधी उचलला, कुणी उचलला हे लिहिलं नसेल तर तो दगड कितीही सुंदर असो, प्रयोगशाळेत त्याचा उपयोग शून्य. परिसर-ओळखीच्या लेखांत नेमकं हेच नसतं. आणि त्यामुळे ते नुसते उथळ राहत नाहीत, काही ठिकाणी सरळ चुकतात. चूक तपासता येते, हा त्यातला चांगला भाग.

नावापासून सुरू करू. आम्ही घरी 'येळवस' म्हणतो. छापताना त्याची 'वेळ अमावस्या' होते. लेखांत याच्या तीन व्युत्पत्ती फिरत असतात आणि बहुतेक लेखक त्यातली एक ठोकून देतात. पहिली, पिकाची 'वेळ' साधणारी अमावस्या. दुसरी, कन्नड 'एळु' म्हणजे सात, म्हणून सातवी अमावस्या. तिसरी, कन्नड 'एळ्ळु' म्हणजे तीळ, म्हणून तिळाची अमावस्या.

आता एकेक तपासा. 'सातवी' म्हणायचं तर मोजायला सुरुवात कुठून? चैत्रापासून मोजलं तर मार्गशीर्षातली अमावस्या नववी येते. सातवी यावी म्हणून ज्येष्ठापासून मोजावं लागतं, आणि मग 'खरिपाची सुरुवात तिथून होते' असं कारण जोडलं जातं. असेलही. पण उत्तर आधी ठरवून सुरुवातीचा बिंदू मागे सरकवला तर कुठलाही आकडा जमतो, हे ग्राफ काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय कन्नडमध्ये सातचा 'ए' दीर्घ आहे आणि 'ळ' एकेरी, तिळाचा 'ए' ऱ्हस्व आणि 'ळ' जोड. मराठी लिपीत ऱ्हस्व 'ए' वेगळा दाखवायची सोयच नाही. म्हणजे हे दोन शब्द मराठीत लिहिले की जवळजवळ एकच दिसतात आणि गोंधळ कागदावरच तयार होतो.

'वेळ'चं काय? आमच्याकडे बोलताना वेळचा येळ होतो, वेगळंचं येगळं होतं. म्हणून शिकलेल्या माणसाला 'येळवस' ऐकलं की वाटतं हा गावंढळ उच्चार आहे, शुद्ध करून 'वेळ' लिहावं. पण मूळ शब्द 'येळ' किंवा 'एळ' असाच असेल तर? मग शुद्ध करण्याच्या नादात आपण मूळ पुसून टाकतो आणि त्या नव्या रूपाचा अर्थ लावत बसतो.

माझा कल तिळाकडे आहे. सीमेपलीकडे, उत्तर कर्नाटकात, याच अमावस्येला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. तिथेही घरचे सगळे शेतात जातात, पूजा करतात, जेवतात आणि अन्न शिवारभर शिंपडतात. त्या शिंपडण्याला तिकडे 'चरग' म्हणतात, आमच्याकडे 'चर शिंपणे'. एक शब्द जुळला तर योगायोग म्हणता येईल. सणाचं नाव, तिथी, कृती आणि कृतीचं नाव असं चारही जुळलं तर योगायोग म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा. तरीही हा कल आहे, निष्कर्ष नाही. निष्कर्षासाठी जुन्या कागदांत हे नाव कसं लिहिलंय ते शोधावं लागेल, आणि औसा, निलंगा, उमरगा, बीदर, कलबुर्गी असं गावोगाव उच्चार टिपत जावं लागेल. पण 'आपला अस्सल मराठवाडी सण' असं लिहिणाऱ्या लेखात सीमेपलीकडचा एक शब्दही नसतो. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्याची, राज्याची रेघ नंतर आली. सणाला ती माहीत नव्हती.

दुसरी गोष्ट भज्जीची. प्रत्येक लेखात तिची यादी असते : ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, वाल, शेंगदाणे, पालेभाज्या, बेसन. लेखकाच्या तोंडाला पाणी सुटतं आणि यादी तिथेच थांबते. माझ्या मते आख्ख्या लेखातला सर्वांत मोलाचा पुरावा ही यादीच आहे. ती त्या आठवड्यात काळ्या जमिनीत काय हिरवं उभं आहे याची नोंद आहे. हरभरा घाट्यांत आहे, तूर शेंगेत आहे, रब्बीची ज्वारी पोटरीत आहे किंवा निसवतेय. सणाचं जेवण म्हणजे पिकाची पाहणी.

इथे दोन प्रश्न सुटतात, ते लेखांत कधीच दिसत नाहीत. एक, तिथी चांद्र आहे आणि पीक पावसावर चालतं. २०२२ मध्ये येळवस २३ डिसेंबरला होती. पुढची, मध्ये अधिक महिना आल्यामुळे, ११ जानेवारी २०२४ ला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला परत. म्हणजे २०२४ या एका इंग्रजी वर्षात ती दोनदा आली आणि २०२३ मध्ये आलीच नाही. एकोणीस-वीस दिवसांच्या फरकात ज्वारी पोटरीतून दाण्यात जाते. त्यामुळे 'या दिवशी ज्वारी अमुक अवस्थेत असते म्हणून हा सण' हे वाक्य काही वर्षी खरं आणि काही वर्षी खोटं. दुसरा प्रश्न जास्त टोचणारा. आमच्याकडे खरिपात सोयाबीन आलं, उसाने पाणी असेल तिथली रब्बी खाल्ली, ज्वारी हटली. आमच्याच गावात दोन वर्षांपूर्वी कोप उभी करायला कडबा नव्हता म्हणून एका घराने शेडनेट गुंडाळली होती. भज्जीचे तुरीचे दाणे आणि वाटाणे आदल्या दिवशी किल्लारीच्या बाजारातून आले. सण झालाच, उत्साहही होता, ते मी नाकारत नाही. पण 'आजही तितक्याच उत्साहाने' या वाक्याखाली केवढा बदल झाकला गेला बघा.

कुणाला विषय हवाच असेल तर हा घ्या. एक गाव, तीस-चाळीस घरं, आणि एकच प्रश्न : भज्जीतला प्रत्येक जिन्नस कुठून आला, स्वतःच्या रानातून, शेजाऱ्याच्या की बाजारातून? तीन वर्षं लागोपाठ विचारा. पीकपद्धतीवरचा चांगला पेपर होईल. लागणारं साहित्य : वही, पेन आणि भरपूर जेवायची तयारी.

मंदिरांचं थोडक्यात. जुनं, काळ्या दगडाचं, चुना न वापरता रचलेलं मंदिर दिसलं की आपले लेखक त्याला 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. निलंग्याच्या निळकंठेश्वरासारखी मंदिरं अभ्यासक त्याच्या आधीच्या, कल्याणी चालुक्यांच्या परंपरेत ठेवतात. तसंच 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' या कथेचं. ती प्रत्येक लेण्याला चिकटते, म्हणून ती एका लेण्याबद्दल काहीच सांगत नाही. खरोशाची लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. जांभा म्हटला की कोकण, इथे सगळा बेसाल्ट, असं शाळेत शिकलेल्या मुलाला ते दाखवायला हवं. अजिंठा-वेरूळसारखं बारीक काम इथे का टिकलं नसावं याचं निम्मं उत्तर त्या सच्छिद्र, खरबरीत दगडात आहे. पण लेख पांडवांपाशी थांबतो आणि दगड तसाच राहतो.

आता किल्लारी. भूकंपाच्या दोन ओळी सगळीकडे सारख्या असतात : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र. मृतांचा आकडा कुठे ७,९२८ तर कुठे ९,७४८. दोन्ही छापून येतात, आणि कोणता कुणाचा हे बहुतेक लेखांत नसतं. पहिला राज्य सरकारचा, दुसरा अमेरिकी भूकंप-सूचीतला. सिनॉप्सिसमध्ये आकडा लिहिताना एवढं तरी सांभाळा.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. या लेखांत भूकंप 'इतिहास' या रकान्यात जातो आणि सण 'संस्कृती' या रकान्यात, जणू दोघांची कधी गाठच पडली नाही. प्रत्यक्षात ५२ गावं उठून दुसऱ्या जागी गेली. आमचं त्यातलंच एक. मी जन्मले ती नव्या गावातल्या घरात : आखलेल्या सरळ गल्ल्या, एकसारखी घरं, ज्यांना अंगण होतं पण ढाळज नव्हती. जुन्या गावातून रान दिसायचं म्हणे. आता आमचं शेत घरापासून साडेतीन किलोमीटर आहे. पूर्वी येळवशीला डोक्यावर पाटी घेऊन बायका चालत जायच्या, वाटेत कुठल्या ओढ्यापाशी थांबायचं, कुणाच्या बांधावरून जायचं हे ठरलेलं होतं. आता टमटम. वाट गेली तशी वाटेवरचे थांबे गेले, आणि थांब्यांवर सांगायच्या गोष्टीही. दंतकथा हवेत राहत नसते, तिला झाड, दगड, वळण लागतं.

हे कसं लिहायचं याचा एक नमुना सांगते. रोहित जिज्ञासू यांचा पीएचडीचा प्रबंध, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात २००२ मध्ये सादर झालेला, मराठवाडा आणि नेपाळमधल्या भूकंपप्रवण गावांवर. त्यांचा रोख परंपरेचं कौतुक करण्याकडे नाही. स्थानिक ज्ञान आणि क्षमता यांचा धोका कमी करायला काय उपयोग होतो, हा त्यांचा प्रश्न आहे. या प्रश्नामुळे घराकडे बघायची नजरच बदलते. आमची जुनी घरं पडली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या माळवदाच्या मातीच्या वजनाने. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावरून 'जुनं ते धोक्याचं' असा निकाल लागला. पण अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी आतला लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, म्हणजे ज्यावर घराचे खण मोजतात तो, उभा राहिला. म्हणजे एकाच घरात एक परंपरा मारणारी होती आणि एक तारणारी. 'आपली समृद्ध परंपरा' म्हणणाऱ्याला यातलं अर्धंच दिसतं, 'जुनाट बांधकाम' म्हणणाऱ्यालाही अर्धंच. (तसं पाहिलं तर त्या रात्री सगळ्यांत सुरक्षित जागा म्हणजे रानातली कडब्याची कोप. पेपरवाले 'निसर्गाचा कोप' लिहीत होते, आमच्याकडे कोप म्हणजे डोक्यावर पडली तरी माणूस मरत नाही असं छप्पर.)

आता माझी चूक.

माझ्या त्या लेखात 'आख्यायिका' असा एक मथळा होता. त्याखाली पहिली गोष्ट शेषनागाची, तो फणा हलवतो आणि भुई हादरते. दुसरी गोष्ट माझ्या आजीची. ती सांगायची की मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी जमिनीतून जातं फिरल्यासारखा आवाज यायचा, भांडी वाजायची, आणि काही दिवस लोक बाहेर अंगणात झोपायचे. मी हे फार रसाळ भाषेत लिहिलं. वर 'श्रद्धा म्हणा वा अंधश्रद्धा' असंही एक वाक्य घातलं, कारण विज्ञानाच्या विद्यार्थिनीने तसं घालायला हवं असं वाटलं.

एमएस्सीनंतर, कोर्सवर्कच्या काळात, किल्लारीवरचे भूकंपशास्त्राचे पेपर वाचायला घेतले. त्यात स्पष्ट लिहिलेलं : ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, त्यातला मोठा १८ ऑक्टोबर १९९२ ला. कठीण खडकात, कमी खोलीवर होणाऱ्या लहान धक्क्यांबरोबर असा आवाज येणं नेहमीचं आहे. कंपनं जमिनीतून हवेत शिरतात आणि कानाला घरघर किंवा स्फोटासारखी ऐकू येतात. नांदेड शहरात २००६-०७ मध्ये हेच झालं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत लोक असेच आवाज ऐकून घराबाहेर पडले. आजी आख्यायिका सांगत नव्हती. ती निरीक्षण सांगत होती.

आणि त्याच काळात 'शास्त्रीय' काय होतं? दख्खनचं पठार स्थिर आहे असं सगळे धरून चालले होते. भूकंपप्रवणतेच्या नकाशात लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये मानक बदललं, पहिला पट्टाच काढून टाकला आणि आमचा भाग तिसऱ्यात गेला. म्हणजे १९९२ साली नकाशापेक्षा म्हाताऱ्या बायांचं बोलणं वस्तुस्थितीच्या जास्त जवळ होतं. याचा अर्थ लोककथा म्हणजे विज्ञान असा मुळीच नाही. शेषनागाची गोष्ट शेषनागाचीच आहे, ती सगळ्या देशात सांगतात, तिच्यात किल्लारीचं काही नाही. फरक इथेच आहे. एका कथेत जागा, काळ आणि सांगणारी होती, दुसऱ्या कथेत यातलं काहीच नव्हतं. मी दोन्ही एका मथळ्याखाली ठेवल्या आणि त्यांना सारख्या करून टाकल्या.

पेपर वाचून मी घरी फोन करायला हवा होता. प्रश्न साधे होते : आवाज पहिल्यांदा कोणत्या महिन्यात, दिवसा की रात्री, भांडी आवाजाच्या आधी वाजली की नंतर. मी ठरवलं की दिवाळीत गेल्यावर नीट बसून विचारू, रेकॉर्डर घेऊन. आजी त्या वर्षी पोळ्याच्या आधीच गेली. माझ्याकडे तिच्या सांगण्यातलं जे काही लिखित आहे ते म्हणजे कॉलेजच्या अंकातली ती सहा रसाळ वाक्यं. त्यात एक तारीख नाही, एक दिशा नाही.

म्हणून तुमच्या सिनॉप्सिसवर मी लाल पेनाने एवढं एकच परत परत लिहिलंय : 'कोण म्हणालं? कुठे? कधी?' 'असे मानले जाते' हे वाक्य दिसलं की थांबा. मानणारा माणूस शोधा, त्याचं वय, गाव, तो तेव्हा कुठे राहत होता ते लिहा. नाव छापायचं नसेल तर छापू नका, पण वहीत असू द्या. कथा आणि साक्ष यांच्यासाठी वहीत वेगळी पानं ठेवा. कुठली कुठे जाते हे लगेच ठरवायची घाई नको, पण निदान दोन्ही एकत्र कालवू नका.

आजीची धाकटी जाऊ अजून आहे. लहानी आजी म्हणतो आम्ही तिला. गेल्या येळवशीला मी रेकॉर्डर घेऊन गेले. कोपीबाहेर जेवणं झाल्यावर विचारलं, आवाज कधी सुरू झाला? तिला ऑगस्ट-ऑक्टोबर सांगता येत नाही. मग पिकावरून विचारलं.

"मूग तोडायलो होतो तवा पैल्यांदा आयकलं," ती म्हणाली. मूग म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर.

"आणि जास्त कधी?"

"ज्वारी पेरायच्या टायमाला लई. तवा समदे भायेरच निजायलोत."

रब्बीची पेरणी, म्हणजे ऑक्टोबर. पेपरमधली तारीख मी तिला सांगितलेली नव्हती.

"आजी, आवाज कुठून यायचा? कोणत्या बाजूनं?"

तिने माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं. "बाजूनं कशाला येतोय ग बाई? खालनं."